पुढची बोट

त्या बाईंच्या हातात चाकं लावलेली भाजीची पिशवी होती. आपल्याकडे हल्ली सोसायटीतल्या आज्या मंडईत ओढत नेतात तशी. पिशवीतून पातीच्या कांद्यासारखं काहीतरी हिरवं डोकावत होतं. वय पंचाहत्तरच्या पुढे असावं. व्हेनिसच्या रिआल्तो धक्क्यावर शनिवारी सकाळी अकरा वाजता जी गर्दी उभी होती, त्यात हातात फोन नसलेल्या त्या एकट्याच.

बोट आली. व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत, त्यामुळे व्हॅपोरेट्टो नावाची ही बोट म्हणजे तिथली बस. ती आधीच भरलेली होती. पाच-सात माणसं उतरली आणि मी डोंबिवली स्टेशनवर कमावलेलं सगळं कसब पणाला लावलं. आईला पुढे घातलं, मागून रेटा दिला आणि आम्ही दोघी आत शिरलो. आमच्या पाठीमागे बोटीवरच्या माणसाने लोखंडी दांडा सरकवला. वळून पाहिलं तर त्या बाई धक्क्यावरच होत्या. चिडल्या नव्हत्या. त्यांनी कलंडलेली पिशवी सरळ केली आणि कडेला जाऊन उभ्या राहिल्या. रोजचंच असावं.

मी कालव्याकाठच्या वाड्यांचे फोटो काढायला फोन वर केला. आई मात्र मागेच बघत होती.

"ती बाई थंयच रवली गो," ती म्हणाली.

आई मूळची मालवणची. डोंबिवलीत छत्तीस वर्षं काढल्यावर आता ती मालवणी दोनच वेळा बोलते. एक भावाशी फोनवर, आणि दुसरं मनाला काही लागलं की.

"दहा-बारा मिनिटांत दुसरी येईल," मी म्हटलं.

"हो, पण तीही अशीच भरून येईल ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला उत्तर शोधायचंही नव्हतं. आयुष्यात एकदा आईला व्हेनिस दाखवत होते, आणि ती भाजीच्या पिशवीत अडकली होती याचा थोडा रागच आला. पण ते वाक्य माझ्याबरोबर म्युनिकला परत आलं. हा लेख त्या वाक्याशी मी नंतर घातलेल्या वादाचा आहे.

०

आधी आम्ही तिथे का होतो ते सांगते. १९७९ सालचा 'द ग्रेट गॅम्बलर' नावाचा अमिताभ-झीनत अमानचा सिनेमा आहे. त्यातलं एक गाणं व्हेनिसच्या कालव्यात, गोंडोलात बसून चित्रित केलेलं आहे. आई लग्न होऊन डोंबिवलीला आली तेव्हा ते गाणं तिने चाळीतल्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलं. स्वयंपाक करताना ती ते अजूनही गुणगुणते. 'तिकडे खरंच रस्त्यात पाणी असतं का?' हा प्रश्न तिने बाबांना विचारला होता, मग काही वर्षांनी दादाला आणि शेवटी मला.

मी नोकरीसाठी म्युनिकला आले तेव्हाच ठरवलं होतं, की आई आली की व्हेनिस. त्यासाठी तिचे तीन वर्षांचे बँकेचे कागद, विमा, बाबांच्या पेन्शनचा पुरावा, बोटांचे ठसे असं सगळं झालं. व्हिसाची फी ९० युरो. योगायोग म्हणजे व्हेनिसमध्ये गोंडोलात दिवसा अर्धा तास बसायचे सरकारी दरही ९० युरो. आईने दोन्हीचे रुपये करून पाहिले आणि म्हणाली, "गोंडोला काठावरून बघू."

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ साली, आम्ही गाडीने निघालो. राहिलो मेस्त्रेमध्ये. मेस्त्रे हे व्हेनिसच्याच महापालिकेतलं, पण जमिनीवरचं साधंसुधं शहर. तिथून लोकलने दहा-बारा मिनिटांत तुम्ही खाडीवरचा पूल ओलांडून व्हेनिसच्या स्टेशनात येता. स्टेशनबाहेर पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या खाली रस्त्याच्या जागी सरळ पाणी. आई त्या पायऱ्यांवर पाच मिनिटं काही न बोलता उभी राहिली. मग म्हणाली, "खरंच असतं की!"

तो क्षण मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या. मी प्रवास वाईट असतो असं म्हणायला बसलेले नाही.

०

माझा पहिला बचाव साधा हिशोबाचा होता. आम्ही दोघी. त्या बोटीत दोनशे माणसं. आम्ही चढलो नसतो तर आमच्या मागचे दोघे चढले असते. त्या बाईंची बोट आमच्यामुळे चुकली असं म्हणायला काही आधारच नाही. प्रत्येकजण असंच म्हणू शकतो, आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं. तरी बाई धक्क्यावर राहतात ते राहतातच.

रिआल्तोपासून दोन मिनिटांवर सान बार्तोलोमेओ नावाचा चौक आहे. तिथल्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक डिजिटल आकडा लावलेला आहे. वेळ किंवा तापमान दाखवणारा असेल असं आधी वाटतं. तो आकडा म्हणजे जुन्या व्हेनिसमध्ये आज किती माणसं राहतात त्याची मोजणी. १९५१ साली तिथे सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २००९ मध्ये संख्या साठ हजारांच्या खाली गेली, तेव्हा काही रहिवाशांनी शहराची लटकी अंत्ययात्रा काढली होती. खरीखुरी शवपेटी, मोठ्या कालव्यातून बोटीने नेलेली. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्याही खाली आली. पुढच्याच वर्षी पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांच्या संख्येपेक्षा जास्त झाल्या. आम्ही काचेसमोर उभ्या होतो तेव्हा आकडा ४८ हजारांच्या आसपास होता.

या घसरणीला एकच कारण नाही. १९६६ च्या नोव्हेंबरात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं आणि तळमजल्यावर राहणाऱ्या अनेकांनी कायमचं घर सोडलं. कारखान्यांतल्या नोकऱ्या खाडीपलीकडे होत्या. जुन्या घरांची डागडुजी महाग, लिफ्ट नाही, दर शंभर पावलांवर पायऱ्यांचा पूल. पण आता राहू पाहणाऱ्या तरुण जोडप्याला विचारलं तर उत्तर घरभाड्यापाशी येतं. जे घर आमच्यासारख्यांना एका रात्रीसाठी देऊन चांगले पैसे मिळतात, ते वर्षभरासाठी कुणी का द्यावं? मग घरं जातात, घरांमागून शाळेतली मुलं जातात, मुलांमागून किराणावाला जातो आणि किराणावाल्याच्या जागी कार्निव्हलच्या मुखवट्यांचं दुकान येतं. आम्ही राहत होतो तो मेस्त्रेचा फ्लॅटही असाच कुणाचातरी असणार. भिंतीवर दाराशेजारी पेन्सिलने लहान मुलाची उंची मोजल्याच्या खुणा होत्या. शेवटची खूण माझ्या कमरेपर्यंत होती.

डेरेक पारफिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात एक विचित्र उदाहरण दिलं आहे. कल्पना करा, हजार छळ करणारे आहेत आणि हजार बळी. जुन्या पद्धतीत प्रत्येकजण आपल्या एका बळीच्या यंत्राचं बटण हजार वेळा दाबायचा. एका दाबाने वेदना इतकी कमी वाढते की कळतही नाही, पण हजारानंतर ती असह्य असते. मग ते पद्धत बदलतात. आता प्रत्येकजण एकदाच बटण दाबतो आणि त्याने हजारही यंत्रं एकेक घर पुढे सरकतात. बळींना वेदना तेवढीच होते. पण आता प्रत्येकजण म्हणू शकतो, मी कुणालाही जाणवेल इतकं दुखवलेलं नाही. पारफिटचं म्हणणं असं, की हा बचाव चालणार नाही. आपल्या कृतीचा वेगळा काढलेला परिणाम तपासून भागत नाही. आपण सगळे मिळून काय करतो आहोत, आणि त्यात माझा हात आहे का, हेही विचारावं लागतं.

हे वाचून मला राग आला. मी छळ करणारी नाही. मी आईला फिरायला नेलं होतं. पण बटणाचा मुद्दा काही केल्या डोक्यातून जाईना. लोखंडी दांडा सरकवल्याचा आवाज मी ऐकला होता.

०

दुसरा बचाव जास्त जोरदार होता, आणि तो मी अजूनही पूर्ण सोडलेला नाही.

व्हेनिस पाहायला येणाऱ्यांची रांग फार जुनी आहे. पंधराव्या शतकात जेरुसलेमला निघालेले युरोपातले यात्रेकरू इथून जहाज पकडत. प्रवास, जेवण सगळं धरून आधी करार व्हायचा, आजच्या टूर कंपनीच्या पॅकेजसारखा. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतले तरुण 'ग्रँड टूर'वर निघायचे. कानालेत्तो नावाचा चित्रकार शहराची देखणी चित्रं काढायचा, ती हे लोक विकत घेऊन जायचे. त्यांचे फोटोच म्हणा ना. १८४६ मध्ये खाडीवर रेल्वेचा पूल झाला, १९३३ मध्ये मोटारींचा. मग विमानं, मग क्रूझची जहाजं. दोन-तीनशे वर्षं युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी हे शहर बघितलं, त्यावर पुस्तकं लिहिली, मधुचंद्र केले, घरं घेतली.

आणि आमच्या घरातली पहिली बाई, जिने आयुष्यभर एका पगारात चार माणसांचं भागवलं, ती तिथे पोहोचते त्या सुमाराला जगाला जाणवतं की अरेच्चा, इथे फार गर्दी झाली! वर्तमानपत्रांत लेख येतात, प्रवास कमी करा. असे लेख लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी व्हेनिस आधीच बघितलेलं असतं. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, आता आम्ही पाटावर येऊन बसलो तर वाढपी म्हणतो, भात संपला.

ही तक्रार खोटी नाही. २०२४ च्या २५ एप्रिलपासून व्हेनिसने दिवसापुरतं येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावलं. त्या वर्षी २९ दिवस, पाच युरो. २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला दहा युरो. आम्ही मेस्त्रेत रात्री राहत होतो आणि तिथला कर भरत होतो, म्हणून आम्हाला माफी होती. फक्त तशी ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवायचा. पहिल्या दिवशी काही रहिवाशांनीच या शुल्काविरुद्ध मोर्चा काढला होता. आमचं शहर म्हणजे तिकीट काढून बघायची बाग नाही, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटतं. गर्दी चाळायची चाळणी पैशाची असेल तर त्यातून खाली कोण पडणार हे आपल्याला माहीत आहे. दहा युरोंनी अमेरिकन कुटुंबाचा बेत बदलत नाही. माझ्या आईने मात्र दहाचे रुपये केले असते.

पण पंगतीच्या या हिशोबात मी एका व्यक्तीला विसरले होते. ज्या घरात पंगत बसलेली असते, त्या घरातली बाई. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं घेऊन स्वयंपाकघरात बसते ती. आधीच्या पंगतींनी जास्त खाल्लं हे खरं. त्यांनी माझ्या वाटचं खाल्लं हेही कदाचित खरं. पण आता मी हट्टाने पाटावर बसून राहिले, तर मला जे वाढलं जाईल ते आधी जेवून गेलेल्यांच्या ताटातून येणार नाही. ते तिच्या ताटातून येईल. त्या इंग्रज उमरावांचं काहीच जाणार नाही, ते कधीच हात धुऊन गेले. बोट चुकेल ती भाजीची पिशवी घेतलेल्या बाईंची.

माझं कुणीतरी काही लागतं, हे मान्य. पण ते त्या बाई लागत नाहीत. मला इतके दिवस या दोन वाक्यांमधला फरक दिसत नव्हता. आपल्यावर अन्याय झाला की आपण वसुलीला निघतो, आणि जो समोर सापडतो त्याच्याकडून वसूल करतो. खरा देणेकरी बहुधा सापडण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

०

हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला काही नवीन वाटलं नाही. तिच्या माहेरी हे सगळं घडून गेलं आहे.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ घराघरावर पाट्या लागल्या. आमच्या मामाच्याही घरावर आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत पुढच्या तिन्ही खोल्या 'पाहुण्यां'ना देतात. पैसे देणाऱ्यालाही तिथे पाहुणाच म्हणतात. तेव्हा मामी स्वयंपाकघरात चटई टाकून झोपते आणि पहाटे चारला उठून पाहुण्यांच्या आंबोळ्यांचं बघते. तिची तक्रार नाही. त्या पैशावर माझ्या मामेभावाचं इंजिनिअरिंग झालं. पण आईला माहेरपणाला मे महिन्यात जाता येत नाही, कारण जागा नसते. आई माहेरी जाते ती पावसाळ्यात.

म्हणून त्या धक्क्यावर तिला जे दिसलं ते मला दिसलं नाही. मला गर्दी दिसली आणि तिला मामी दिसली असणार.

व्हेनिसमध्येही मामी आणि मामा दोघे आहेत, हे मात्र विसरून चालणार नाही. तिथली घरं पर्यटकांना भाड्याने देणारे अनेकजण मूळचे तिथलेच आहेत. आजीचं घर भाड्याला लावायचं, आपण मेस्त्रेत राहायचं आणि फरकावर संसार चालवायचा. त्यांना आम्ही हवे आहोत. मेस्त्रेत आम्ही ज्या छोट्या हॉटेलात रात्री जेवलो तिथला वाढपी बांगलादेशी होता. त्या भागात बांगलादेशी वस्ती मोठी आहे. कुणी मार्गेराच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करतात, कुणी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत. सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत तो आईशी गप्पा मारत होता. मी त्याला विचारलं, पर्यटक कमी झाले तर बरं होईल असं इथले लोक म्हणतात, तुला काय वाटतं?

तो म्हणाला, "दीदी, करोनात एकही माणूस आलं नाही. सगळे फोटो टाकत होते, कालव्याचं पाणी किती स्वच्छ झालं. मी घरभाडं कुठून द्यायचं ते बघत होतो."

म्हणजे 'आम्ही गेलोच नाही तर सगळं ठीक होईल' हेही खरं नाही. न जाणं हाही एक बटणाचा दाब आहे, फक्त तो दुसऱ्याच कुणाच्या यंत्रावर पडतो.

०

आता तिसरा बचाव, आणि हा सांगताना मला सर्वांत जास्त लाज वाटते.

शनिवारच्या त्या गर्दीनंतर मी आईला म्हटलं होतं, उद्या आपण टुरिस्टांसारखं फिरायचं नाही. जिथे खरे लोक राहतात तिथे जायचं. रविवारी आम्ही शहराच्या पूर्व टोकाला, कास्तेल्लो भागात गेलो. व्हिया गारिबाल्दी हा तिथला रुंद रस्ता एके काळी कालवा होता, नेपोलियनच्या काळात तो बुजवला. त्याच्या पुढे गल्ल्या अरुंद होत जातात. या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्यांवर कपडे वाळत होते. एक मुलगा भिंतीवर चेंडू मारत होता. चौकात मधोमध दगडी विहीर होती, झाकण घातलेली. व्हेनिसभोवती सगळं खारं पाणी, म्हणून चौकात पडणारा पाऊस वाळूतून गाळून अशा विहिरींखाली साठवायचे आणि शतकानुशतकं तेच प्यायचे, हे मी आईला सांगितलं. तिने विहिरीच्या काठावर हात ठेवला. "म्हणजे आमच्या सिंधुदुर्गासारखं," ती म्हणाली. भर समुद्रातल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. लहानपणी शाळेच्या सहलीत तिने त्यांचं पाणी प्यायलं होतं. अख्ख्या व्हेनिसमध्ये ती सर्वांत जास्त वेळ त्या विहिरीपाशी बसली.

मी काय केलं? वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो काढला. कुणाच्यातरी चादरी, कुणाचेतरी अंतर्वस्त्रांसकट कपडे. सुंदर ऊन होतं. स्टोरीवर टाकला, वर जागेचं नाव, खाली लिहिलं, 'गर्दीपासून दूर, खरं व्हेनिस'. तासाभरात तीन मैत्रिणींनी विचारलं, ही जागा नक्की कुठे आहे गं?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एका बाईने माझ्याकडे पाहिलं, दोरी ओढून चादरी आत घेतल्या आणि खिडकी लावून घेतली. कदाचित कपडे वाळले असतील.

मी टुरिस्ट नाही, मी वेगळी आहे, मला अस्सल काहीतरी हवं आहे. ही भूक साध्या टुरिस्टापेक्षा जास्त आत शिरते. सान मार्कोच्या चौकात सेल्फी काढणारा तिथेच थांबतो. तो चौक तर गेली कित्येक शतकं बघण्यासाठीच आहे. मी मात्र उरलेल्या ४८ हजारांच्या दोरीपर्यंत पोहोचले होते आणि पुढच्यांसाठी पत्ताही ठेवला होता. गर्दीला नावं ठेवत गर्दी नव्या जागी नेऊन सोडणं, हे 'ऑफबीट' या शब्दाचं खरं काम आहे. मी ती स्टोरी काढून टाकली. तोवर ती १४० जणांनी पाहिली होती.

०

मग करायचं काय? प्रामाणिक उत्तर दोन भागांत आहे आणि त्यातला मोठा भाग माझ्या हातात नाही.

ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो त्या मोठ्या असतात. २०२१ च्या ऑगस्टपासून पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना शहराच्या पोटातून, जुदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली. ती कुठल्या एका सज्जन प्रवाशामुळे झाली नाही. रहिवासी वर्षानुवर्षं लढले, जगभरातून दबाव आला, मग सरकारने कायदा केला. समुद्राचं पाणी अडवणारे ७८ दरवाजे ऑक्टोबर २०२० मध्ये खऱ्या भरतीच्या वेळी पहिल्यांदा उचलले गेले आणि शहर कोरडं राहिलं. त्यालाही अब्जावधी युरो आणि राज्ययंत्रणा लागली. घरांचा प्रश्नही तसाच सुटेल, सुटला तर. किती घरं पर्यटकांना देता येतील यावर मर्यादा घालून. माझ्या चांगल्या वागण्याने कुणालाही भाड्याचं घर मिळणार नाही. मी चांगली वागले म्हणून प्रश्न सुटला असं मला वाटायला लागलं, तर तो एक चौथा बचाव होईल.

पण छोटा भाग उरतोच. कायदा होईपर्यंतही आपण कुणाच्यातरी समोर उभे असतो. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतला फरक पैसे देण्यात नाही. मामीचे पाहुणे पैसे देतात. पण काहीजण निघताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन 'मामी, येतो' म्हणतात, ती कुठे झोपली होती ते त्यांना दिसलेलं असतं. काहीजण खोलीची किल्ली टेबलावर टाकून जातात आणि नंतर फोनवरून तारे देतात. दोघांनीही मामीच्या खोलीत झोप काढली आहे, दोघांमुळेही ती चटईवर होती. फरक इतकाच, की पहिल्याला ते ठाऊक आहे. ठाऊक असलेला माणूस रात्री अकरानंतर मोठ्याने गाणी लावत नाही. ठाऊक असण्याने मामीची पाठ दुखायची थांबत नाही, पण तिची झोप मोडत नाही. मला वाटतं, एवढं तरी आपण देणं लागतो, आणि हे देणं मागच्या पंगतीने किती खाल्लं यावर अवलंबून नाही.

रविवारी दुपारी आम्ही परत निघालो. साडेतीनच्या सुमाराला कास्तेल्लोच्या धक्क्यावर स्टेशनकडे जाणारी बोट आली. भरलेली. दोघातिघांपुरती जागा होती आणि आम्ही दोघी रांगेत पुढे होतो. मागे एक म्हातारे गृहस्थ कापडी पिशवी घेऊन उभे होते. मी पाय उचलला तेवढ्यात आईने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं, आणि त्यांना हाताने 'जा जा' अशी खूण केली. ते गोंधळले, मग हसले, वाकून काहीतरी म्हणाले आणि चढले. त्यांच्यामागून आणखी एकजण. दांडा सरकला.

बोट सुटली तेव्हा त्या गृहस्थांनी कठड्याशी उभं राहून पिशवीतून फोन काढला, पाठोपाठ एक घडी घातलेला नकाशा काढला आणि आमच्या धक्क्याचा फोटो घेतला.

मला हसू आवरेना. "आई, तो तर आपल्यासारखाच निघाला."

"असू दे," आई म्हणाली. "त्याचेही गुडघे दुखत असतील."

पुढची बोट बारा मिनिटांनी आली. तीही भरलेली होती. पिशव्या घेतलेल्या दोन बायका आमच्यामागे होत्या, त्या तिथल्या होत्या की नव्हत्या हे आम्ही या वेळी बघितलं नाही. त्यांना पुढे जाऊ दिलं. तिसऱ्या बोटीने आम्ही स्टेशनवर पोहोचलो आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी आईला फलाटावरून जवळजवळ पळावं लागलं. गाडी मिळाली, पण दोन मिनिटांचाच फरक होता. म्युनिक येईपर्यंत ती त्यावरून मला बोलत होती, घरातून थोडं आधी निघायला काय झालं होतं म्हणून.